उतरवलेले वजन परीक्षेच्या अभ्यासात कसे टिकवावे

काही महिने नेटाने प्रयत्न करून ज्यांनी वजन उतरवले आहे आणि ज्यांच्यापुढे आता एखाद्या अवघड परीक्षेची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तळलेले आणि गोड कमी खावे, भाज्या भरपूर असाव्यात, ताटात किती घ्यावे, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते, कारण ते ठाऊक नसते तर वजन उतरलेच नसते. मी स्वतः अशा चार परीक्षांची तयारी केली आहे. पहिल्या खेपेस पाच महिन्यांत सात किलो वजन परत चढले. पुढच्या तिन्ही खेपांत ते दीड किलोपेक्षा अधिक हलले नाही. मधल्या काळात माझा स्वभाव सुधारला नव्हता की भूक कमी झाली नव्हती. वजन नेमके कोणत्या वेळी आणि कशामुळे चढते, एवढेच मला कळले होते.

आरंभीच दोन सल्ले बाजूला सारते. ‘अभ्यासात मेंदू शिणतो, म्हणून भरपूर खा’ हा पहिला. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असूनही विश्रांतीच्या अवस्थेतील सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, हे खरे आहे. पण ही ऊर्जा तो तुम्ही झोपलेले असतानाही जवळजवळ तितकीच वापरतो. कठीण गणित सोडवताना त्यात पडणारी भर नगण्य असते. दुसरा सल्ला याच्या अगदी उलट टोकाचा आहे: ‘पोट रिकामे असले की डोके तल्लख चालते.’ हा सल्ला देणाऱ्यांनी सहसा एक दिवस उपवास करून पाहिलेला असतो, चार महिने अभ्यास केलेला नसतो.

पहिली पायरी: लक्ष्य बदला

एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे, तर रोज सुमारे 550 कॅलरींची तूट लागते, म्हणजे शरीर खर्च करते त्यापेक्षा तितके कमी खावे लागते. एरवी ती सोसते, परंतु अभ्यासाच्या काळात सोसत नाही. परीक्षेला दोन महिन्यांहून अधिक अवधी असेल तर रोजची तूट 250 कॅलरींच्या आसपास आणावी, म्हणजे आठवड्याला पाव किलोच्या जवळपास उतार मिळत राहतो. शेवटच्या सहा आठवड्यांत तूट पूर्णपणे थांबवावी आणि आहे ते वजन राखणे हेच यश मानावे. हे अनेकांच्या पचनी पडत नाही. त्यांना परीक्षा आणि वजन या दोन्ही लढाया एकाच वेळी जिंकायच्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत त्यांची क्षमता घटलेली दिसली नाही, पण चित्त एकाग्र होत नाही अशी त्यांची तक्रार होती आणि अन्नाचे विचार त्यांच्या मनातून हटेनासे झाले होते. अभ्यासाला बसलेल्या माणसाला याहून वाईट अवस्था ती कोणती?

ज्यांचा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 18.5 च्या खाली आहे त्यांनी वजन उतरवण्याचा विचारच करू नये. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे अशांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय येथले काहीही अमलात आणू नये. भूक मारणाऱ्या गोळ्यांच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये.

दुसरी पायरी: जेवणाच्या वेळा बांधून घ्या

तीन जेवणे आणि एक ठरलेला अल्पोपाहार, रोज त्याच वेळी. प्रत्येक वेळी कडधान्य, अंडी, दही, मासे यांपैकी काही ना काही प्रथिनयुक्त असावे, म्हणजे पुढचे तीन-चार तास निभावतात.

तिसरी पायरी: पुस्तक मिटल्यानंतरची पंधरा मिनिटे

सगळे अडते ते इथे. दीड-दोन तास सलग वाचन झाले, प्रश्नसंच सोडवून झाला, मान वर केली, की खा-खा सुटते. जेवून तासच झालेला असतो, पोट भरलेले असते, तरीही तोंडात काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या परीक्षेच्या वेळी मी याला भूकच समजत होते आणि त्यामुळे तिला अन्नानेच उत्तर देत होते.

कॅनडातील लावाल विद्यापीठात 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14 विद्यार्थिनींना 45 मिनिटे तीन प्रकारे घालवायला सांगितले होते: नुसते बसून, मजकूर वाचून त्याचा सारांश लिहून आणि संगणकावर चाचण्या सोडवून. त्यानंतर त्यांना हवे तितके खाऊ दिले. बौद्धिक काम केल्यावर त्यांची ऊर्जा बसून राहण्यापेक्षा अवघी तीन कॅलरी अधिक खर्च झाली होती. खाल्ले मात्र वाचन-लेखनानंतर सुमारे 200 आणि चाचण्यांनंतर सुमारे 250 कॅलरी अधिक. रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले होते आणि साखर व इन्सुलिन यांची पातळी अधिक वरखाली होत होती. दिवसातून अशा तीन बैठका होणाऱ्या माणसाचे वजन का चढते, हे कोडे त्यानंतर उरत नाही.

या टप्प्यावर मी एकापाठोपाठ एक तीन चुका केल्या. पहिली चूक म्हणजे ‘पौष्टिक’ खाऊची बरणी. बिस्किटांऐवजी बदाम ठेवा, असा सल्ला मला मिळाला होता आणि आजही तो जिथे तिथे दिला जातो. बदाम उत्तमच, पण 30 ग्रॅमच्या एका मुठीत 170 हून अधिक कॅलरी असतात, आणि पुस्तकात नजर असताना हात किती वेळा बरणीत गेला याचा हिशेब कोणालाही राहत नाही. दोन जादा मुठी म्हणजे दिवसाला साडेतीनशे कॅलरी. पाच महिन्यांच्या शेवटी मी हा गुणाकार करून पाहिला, तेव्हा उत्तर जवळजवळ सात किलो आले. म्हणून अभ्यासाच्या टेबलावर खाण्याचा कोणताही पदार्थ नको, हा माझा नियम आहे आणि त्याला मी एकही अपवाद मान्य करत नाही, फळाचाही नाही. फळाने वजन वाढते म्हणून नव्हे, तर वाचता वाचता चरण्याची सवय एकदा लागली की आज फळ असते तिथे उद्या दुसरे काही येते म्हणून.

दुसरी चूक बक्षिसाची. एक प्रकरण संपले की एक गोड तुकडा, असा करार मी स्वतःशी केला. यातून अभ्यास वाढला नाही. प्रकरणे मात्र दिवसेंदिवस छोटी होत गेली. तिसरी चूक कडकडीत बंदीची. जेवणाखेरीज काहीही खायचे नाही असे ठरवले, पाच दिवस पाळले आणि सहाव्या रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जे खाल्ले, त्याने पाचही दिवसांची भरपाई झाली.

अखेरीस जे उपयोगी पडले ते असे. बैठक किती वाजता संपणार हे ती सुरू करतानाच ठरवावे. वेळ झाली की वाक्य अर्धे असले तरी पुस्तक मिटावे, एक पेला पाणी प्यावे आणि खोलीबाहेर पडून पंधरा मिनिटे झपझप चालावे. बाहेर जाणे शक्य नसेल तर जिने चढावेत-उतरावेत. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चालणे, मग खाण्याचा निर्णय. 2016 मध्ये अमेरिकेत 38 विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात बौद्धिक कामानंतर पंधरा मिनिटे नुसते बसलेल्यांनी नेहमीपेक्षा सुमारे 100 कॅलरी अधिक खाल्ल्या. तीच पंधरा मिनिटे ट्रेडमिलवर जोरकस व्यायाम केलेल्यांनी अधिक खाल्ले नाही. माझे चालणे तितके जोरकस नसते, तरीही परत येईपर्यंत दहापैकी सात-आठ वेळा ती खा-खा ओसरलेली असते. उरलेल्या वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: आत्ता समोर साधी, बिनमसाल्याची उकडलेली भाजी आली तर खाशील का? उत्तर ‘हो’ असेल तर ती खरी भूक आहे आणि मग ताट घेऊन, बसून, पुस्तकाशिवाय खावे. उत्तर ‘नाही, दुसरे काहीतरी हवे’ असे असेल, तर हवी आहे ती विश्रांती.

बैठकीच्या मध्येच जी इच्छा उसळते तिचे कारण वेगळे असते. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मी वहीच्या समासात, खावेसे वाटले की, नुसती एक फुली मारत असे. दोन आठवड्यांनी पाने चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक फुल्या एकाच विषयाच्या पानांवर होत्या, ज्या विषयाची मला धास्ती होती. मी खायला उठत नव्हते, पळायला उठत होते. यावर आहाराचा उपाय नाही. त्या विषयाच्या बैठका मी पंचवीस मिनिटांवर आणल्या आणि त्यातील पहिला प्रश्न मुद्दाम येणाराच ठेवला. फुल्या कमी झाल्या. तुमच्या फुल्या कुठे पडतात ते पाहिल्याशिवाय स्वतःला अधाशी म्हणू नका.

रात्री जागणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. मध्यरात्रीपर्यंत बसणार हे ठाऊक असेल, तर दिवसाच्या वाट्यातूनच 200 कॅलरी बाजूला काढून ठेवाव्यात, त्या कशाच्या आणि किती वाजता खायच्या हे दुपारीच ठरवावे आणि ताटली झाकून ठेवावी. थकलेल्या डोक्याने मध्यरात्री घेतलेला खाण्याविषयीचा एकही निर्णय मला आजवर शहाणपणाचा आढळलेला नाही.

चौथी पायरी: पेये

चहा-कॉफीच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे जवळपास 32 कॅलरी, दूध वेगळे. सहा कप झाले की एका अल्पोपाहाराइतकी भर नकळत पडते, तेव्हा कप मोजावेत किंवा साखर सोडावी. कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपण्याआधीच्या किमान सहा तासांत ते नको.

पाचवी पायरी: झोप

झोप कापून अभ्यास वाढवणाऱ्यांना मी अभ्यासाच्या अंगाने काही सांगणार नाही, वजनाच्या अंगानेच सांगते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दहा स्थूल व्यक्तींना कमी कॅलरींचा तोच आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहू दिले. दोन्ही वेळा वजन सारखेच, सुमारे तीन किलो, उतरले. पण पुरेशा झोपेच्या काळात त्यातील 1.4 किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेच्या काळात जेमतेम 0.6 किलो, बाकीचा ऱ्हास बहुतांशी स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा होता, आणि भूकही वाढलेली होती. म्हणजे वजनकाटा समाधान देतो आणि आत भलतेच काही घडत असते. सात तासांखाली मी जात नाही. त्याखाली जाण्याची वेळ आलीच, तर त्या दिवसापुरती कॅलरींची तूट सोडून देते.

सहावी पायरी: हालचाल

बैठकींनंतरचे चालणे धरून दिवसाला पाऊण तास आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे उठाबशा, दंड यांसारखे व्यायाम एवढे पुरे. परीक्षेच्या महिन्यात नवा व्यायामप्रकार शिकायला जाऊ नये.

सातवी पायरी: वजनकाटा

आठवड्यातून दोनदा, सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी. रोज नको. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता, आदल्या रात्रीचे उशिरा झालेले जेवण यांमुळे वजन एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. त्यात चरबीचा काही संबंध नसतो, पण अभ्यासाची सकाळ मात्र वाया जाते. सलग तीन आठवडे आकडा ठरलेल्या वजनापेक्षा दोन किलोंनी वर राहिला तरच काही बदलावे, आणि तेव्हाही जेवण कापण्याआधी तिसरी पायरी कुठे निसटली ते पाहावे. बहुतेक वेळा ती तिथेच निसटलेली असते.

प्रत्यक्ष परीक्षेच्या आठवड्यात काटा कपाटात ठेवावा. नेहमीचे, पोटाला सवयीचे अन्न नेहमीच्या वेळी खावे. नवीन पदार्थ नको आणि उपवासही नको. परीक्षा संपल्यावर जेवणाच्या वेळा आणखी तीन आठवडे तशाच चालू ठेवाव्यात. माझ्या पहिल्या खेपेस सात किलोंखेरीज आणखी दोन किलो चढले, ते शेवटचा पेपर देऊन घरी आल्यानंतरच्या त्या तीन आठवड्यांत.