शुगर असलेल्या माणसाशी पंगतीत कसं बोलायचं

सणाला घरी कोणी शुगर असलेलं आलं की आधी त्यांच्या पानाकडे बघत बसायचं बंद करा. पुरणपोळी वाढताना "तुला चालते का गं?" असं चारचौघांत मोठ्याने नाही, सगळ्यांना विचारता तसंच "वाढू का?" विचारा, नको म्हणाली तर नको, अर्धी म्हणाली तर अर्धी, आणि "एकाने काय होतंय" हा आग्रह तर अजिबातच नको. गुळाची आहे म्हणून चालेल हेही सांगू नका, गुळानेही शुगर वाढतेच.

"गोड जास्त खाल्लंस म्हणून झालं" हे तर कुणालाच म्हणू नका. टाइप १ डायबिटीसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, त्यात त्या पोराचं किंवा त्याच्या आईचं काही चुकलेलं नसतं. इन्सुलिन सुरू झालं म्हणजे लास्ट स्टेज असंही नसतं. कारल्याचा रस, कुणाच्या तरी काकांचा पाय कापला ती स्टोरी... प्लीज, नको.

जेवायला उशीर होणार असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण इन्सुलिनची आणि काही गोळ्यांची वेळ जेवणाशी बांधलेली असते. आणि अचानक घाम फुटला, हात थरथरायला लागले, चिडचिड सुरू झाली तर शुगर एकदम खाली गेलेली असू शकते, लेक्चर न देता शुगर चेक करायला मदत करा, ७० च्या खाली असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत चेक. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन.