कामाच्या ओळखीत छोटी चूक झाली? सावरताना या चुका टाळा

मीटिंगमध्ये ग्राहकाच्या प्रतिनिधीला चुकीच्या नावानं हाक मारली. वयानं मोठ्या ऑडिटरशी बोलता बोलता 'तू' निघून गेलं. पुरवठादाराच्या वडिलांच्या निधनाचा मेसेज ग्रुपवर आला आणि गडबडीत त्यावर अंगठा उमटला. कार्यक्रमपत्रिकेत विवाहित प्राचार्य बाईंच्या नावामागे 'श्रीमती' छापलं गेलं. यातल्या कशानंही कुणाचं पैशाचं नुकसान होत नाही. तरी रात्री तेच डोक्यात घोळतं आणि सकाळी आपण ते सावरायला निघतो.

अशा ओळखी मूळ चुकीनं क्वचितच बिघडतात. त्या बिघडतात सावरण्याच्या पद्धतीनं. मित्राशी चुकलं तर भांडून मोकळं होता येतं. कामाच्या ओळखीत ती सोय नसते. भेटी मोजक्या, बोलणं कामापुरतं, आणि समोरचा माणूस मनाला लागलेलं सहसा बोलून दाखवत नाही. म्हणून माफीचं माप चुकीएवढंच असावं लागतं. कमी पडली तर उद्धटपणा वाटतो, जास्त झाली तर समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

सगळ्याच चुका सावरायला धावणं

कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचं चित्र असलेला, त्यांना घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांनीच ते चित्र ओळखलं होतं.

पण यावरून 'कुणाच्या काही लक्षात येत नाही' असा निष्कर्ष काढू नका. ते खोलीतले बघे होते. ज्या माणसाचं नाव तुम्ही चुकवलंत, त्याच्या ते नक्की लक्षात आलंय. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: लाज फक्त आपल्याला वाटली, की समोरच्याला काही लागलं? चहा सांडला, मीटिंगला चार मिनिटं उशिरा जोडले गेलो, माइक बंद ठेवूनच बोलत राहिलो, हे सगळं आपल्या लाजेचं आहे. तिथल्या तिथे 'सॉरी' म्हणा आणि विषय सोडा. दुसऱ्या दिवशी त्यावर मेसेज पाठवणं म्हणजे विसरलेली गोष्ट आठवून देणं. नाव, मान, दुःख, श्रेय किंवा वेळ यांना धक्का लागला असेल तर मात्र गप्प बसू नका.

चुकीपेक्षा स्पष्टीकरण लांब

'खरं तर काल रात्रीपासून नेट बंद होतं, त्यात मुलाची परीक्षा, मग ड्राफ्ट दुसऱ्यानंच बनवला होता...' ऐकणाऱ्याला यातून एवढंच कळतं, की हा माणूस स्वतःची बाजू मांडतोय.

ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि सहकारी यांनी 2016 साली माफीच्या सहा घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन प्रयोगांत मिळून 755 लोक होते. खेद व्यक्त करणं, काय घडलं ते सांगणं, चूक आपली म्हणून मान्य करणं, पुन्हा होणार नाही अशी ग्वाही देणं, झालेलं निस्तरायची तयारी दाखवणं आणि क्षमा मागणं, असे ते सहा घटक. लोकांना सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते चूक मान्य करणं, त्याखालोखाल निस्तरायची तयारी. 'मला माफ करा' ही विनंती सर्वांत शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. चार वेळा माफ करा म्हणतो, आणि 'चूक माझी' हे दोन शब्द जिभेवर येत नाहीत.

कामाच्या ओळखीत तीन वाक्यं पुरतात: 'मॅडम, काल मीटिंगमध्ये मी तुमचं आडनाव चुकीचं घेतलं. चूक माझी. इतिवृत्तात दुरुस्त करून सगळ्यांना पुन्हा पाठवलं आहे.' बस. खाली पुन्हा तळटीप नको.

एक वाक्य मात्र कायमचं काढून टाका: 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी.' त्या 'असेल तर'नं सगळा भार समोरच्याच्या हळवेपणावर जातो. चुकलं असेल तर चुकलं म्हणा.

'तू' निसटल्यावर गोंधळून जाणं

मराठीत काम करणाऱ्यांची ही हमखास अडचण आहे. मीटिंग इंग्रजीत चाललेली असते, तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. मग चहाच्या वेळी गाडी मराठीवर येते आणि अंदाज चुकतो. त्यात आयटीतल्या कंपन्यांमध्ये 'सर नको, नावानंच हाक मार' असा आग्रह असतो. नाव एकेरी घेतलं की क्रियापदही आपोआप एकेरी होऊन बसतं.

चुकल्या क्षणी थांबून 'अय्यो, मी तुम्हाला तू म्हटलं' असा गाजावाजा करू नका. पुढच्याच वाक्यात 'तुम्ही' वापरा आणि बोलत राहा. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं, असं मी खात्रीनं म्हणेन. नावानं हाक मारायचं ठरलेलं असेल तरी 'समीर, तुम्ही फाइल पाठवलीत का?' ही जोडी निर्धास्त वापरता येते. समोरून 'अरे, तू म्हण की' असं आलं तर उतरायला वेळ लागत नाही. एकदा 'तू' झाल्यावर वर चढणं अवघड.

हिंदीतही जपा. मुंबईच्या रोजच्या हिंदीत 'तुम' सहज चालतं. लखनौच्या ग्राहकाला तेच 'तुम' खुपू शकतं. तुम्ही मराठी आहात म्हणून तो समजून घेईलही, पण त्यावर विसंबू नका. 'आप'वर या आणि पुढे चला.

डिलीट केलं म्हणजे मिटलं, असं समजणं

चुकीच्या ग्रुपवर गेलेला मेसेज व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट करता येतो, साधारण अडीच दिवसांपर्यंत. पण मागे 'हा मेसेज डिलीट केला' अशी खूण राहते, आणि नोटिफिकेशनमध्ये कुणी आधीच वाचलेलं असू शकतं. नाव चुकलं असेल तर 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, त्यावरही दुरुस्त केल्याची खूण दिसते. म्हणजे पुसता येतं, पण पुसलेलं दिसतं. त्यामुळे डिलीट करून गप्प बसलात तर लोक मजकुराचा अंदाज बांधत बसतात, आणि अंदाज सहसा मजकुरापेक्षा वाईट असतो. लगेच खाली एक ओळ लिहा: 'वरचा मेसेज चुकून इथे आला होता, क्षमस्व.'

ईमेलमध्ये जीमेलवर पाठवलेलं मागे घ्यायला मूळ सेटिंगमध्ये 5 सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन ते 30 करून घ्या, आजच. आउटलुकची मेल परत बोलावण्याची सोय आपल्याच संस्थेच्या आत चालते. बाहेरच्या माणसाला गेलेली मेल परत येत नाही, उलट 'ही मेल परत घ्यायची आहे' असा आणखी एक संदेश त्याला मिळू शकतो आणि न वाचलेली मेलही तो उघडून बघतो. बाहेरच्या माणसाला सरळ दुरुस्त मेल पाठवा, विषयाच्या ओळीत 'सुधारित' लिहून.

निधनाच्या बातमीवर अंगठा उमटला असेल तर तो काढा आणि फोन करा. तिथे मात्र एक पथ्य पाळा, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. फोनची सुरुवात त्या अंगठ्यापासून करू नका. ज्याचे वडील गेलेत त्याला त्या क्षणी तुमच्या बोटाची चूक ऐकायची नसते. 'कसं झालं, आई कशा आहेत' हे विचारा. त्यांनाच बोलू द्या. मेसेजचा विषय त्यांनी काढला तरच 'घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं, मला फार वाईट वाटलं' एवढं म्हणा. नाही काढला तर तो विषय तिथेच संपला.

छापील मजकुरात हयात माणसाच्या नावामागे 'कै.' पडलं असेल तर ती छोटी चूक उरत नाही. फोन पुरणार नाही, स्वतः जाऊन भेटा. पण उरलेल्या प्रती दुरुस्त करून मगच जा, म्हणजे दाखवायला हातात काहीतरी असेल.

निरोप दुसऱ्याकरवी पाठवणं

'तू भेटशील तेव्हा जरा सांग ना त्यांना, माझा तसा उद्देश नव्हता.' हा निरोप पोचेपर्यंत चौघांना कळतो आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही किस्सा मिळतो. स्वतः बोला.

कुठे बोलायचं, याचा साधा हिशेब आहे. दुरुस्ती जिथे चूक झाली तिथे, माफी एकट्यात. सादरीकरणात सहकारी संस्थेचं श्रेय राहून गेलं असेल तर त्याच सगळ्यांना मेल पाठवून नाव जोडा, त्यात आत्मक्लेश नको. वैयक्तिक माफीसाठी वेगळा फोन करा. सर्वांसमोर माफी मागितली की समोरच्याला सर्वांसमोर मोठेपणा दाखवावा लागतो, त्याची इच्छा असो वा नसो.

'काही नाही हो' ऐकूनही न थांबणं

त्यांनी 'अहो, चालायचंच' म्हटलं की ते स्वीकारा. पुढच्या भेटीत पुन्हा 'त्या दिवशीचं मनात नाही ना?' विचारू नका. मिठाईचा बॉक्सही नको, एवढ्याशा चुकीला तो अंगावर येतो. समोरची व्यक्ती राज्य सरकारी अधिकारी असेल तर त्यांच्यावर भेटवस्तू घेण्याबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 ची बंधनं आहेत. माफी मागायला गेलात आणि त्यांना अडचणीत टाकून आलात, असं होईल.

कधी 'काही नाही' म्हणतात आणि वागणं मात्र बदलतं. उत्तरं तुटक येऊ लागतात, फोन सहायकाकडे वळवला जातो, साध्या गोष्टीसाठीही मेलमध्ये वरिष्ठांचं नाव जोडलेलं असतं. अशा वेळी दुसरी माफी उपयोगी पडत नाही. त्यांचं बिल वेळेच्या आधी काढा, मागितलेली कागदपत्रं त्याच दिवशी पाठवा, पुढच्या पत्रात नाव आणि पदनाम तीनदा तपासून घाला. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ध्वनिफिती ऐकवून केलेल्या प्रयोगात, प्रश्नांची 92 टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्या माणसानं स्वतःच्या अंगावर कॉफी सांडल्यावर तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. 30 टक्के बरोबर देणाऱ्यानं सांडली तेव्हा तो आणखी नावडता झाला. कामात विश्वास असेल तर लोक बारीकसारीक विसरतात.

फार उशीर झाला असेल तर

शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बोला. आठवडा उलटून गेला असेल तर त्यासाठी मुद्दाम फोन करू नका, पुढच्या कामाच्या बोलण्यात शेवटी एक वाक्य घाला: 'त्या दिवशी पत्रात तुमचं पद चुकलं होतं, या वेळी नीट घातलंय.' महिने लोटले असतील तर तेही नको. फोनमध्ये त्यांचं नाव योग्य पदनामासह सेव्ह करून ठेवा, आणि नावांची यादी ऑफिसात दुसरं कुणी बनवत असेल तर ती दुरुस्ती त्यांच्याकडेही पोचवा.