रोध आणि वॉट काढताय? या चुका टाळा

बडोद्यात मी गेली बावीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॉट, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी दरवर्षी जर्नलमध्ये त्याच जागी माझी लाल शाई लागते.

सर्वांत जास्त शाई मिलिअँपिअर खातो. मीटरवर ६० दिसतात, पुरवठा १२ व्होल्टचा. मुलगा १२ भागिले ६० करून ०.२ ओहम लिहितो आणि पुढच्या ओळीत १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० वॉट. अरे, जवळजवळ इस्त्रीइतके वॉट त्या तळहाताएवढ्या अ‍ॅडॅप्टरमधून येतील कुठून? ६० मिलिअँपिअर म्हणजे ०.०६ अँपिअर, रोध २०० ओहम आणि शक्ती ०.७२ वॉट. चूक हजारपट आहे, पण आकडा झाला म्हणून पान उलटलं जातं. सूत्राचा तो त्रिकोण, एक कोपरा बोटाने झाकायचा, मला मुळीच आवडत नाही. तो भागायचं की गुणायचं एवढंच सांगतो, एककाबद्दल एक अक्षर नाही. माझ्या वर्गात मीटरचा आकडा एककासकट लिहून, त्याचे अँपिअर करून झाल्याशिवाय कॅल्क्युलेटर खिशातून बाहेर येत नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी चूक: व्होल्टेज नेमकं कुणाचं? ही मला घरीच पाहायला मिळाली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गणपतीच्या मखराला पुतण्याने लाल एलईडी लावले. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, एका ओळीत तीन एलईडी, अशा वीस ओळी समांतर. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, म्हणजे ओळीला ६ गेले, करंट आवरायला लावायच्या रेझिस्टरसाठी ६ उरले. ओळीला २० मिलिअँपिअर, वीस ओळींचे ०.४ अँपिअर. ६ भागिले ०.४, म्हणजे १५ ओहम. हिशेब बरोबर होता. पण वीस ओळींना मिळून त्याने एकच रेझिस्टर लावला, तोही पाव वॉटचा, आणि थर्मोकोलला टेकवून. त्याच्यावर जळत होते ६ गुणिले ०.४, म्हणजे २.४ वॉट; झेपतात त्याच्या जवळजवळ दहापट. आरती चालू असताना वास आला. मखराला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि कडा काळी पडत चालली होती. मी प्लग ओढला. अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा विचार आजही नको वाटतो.

घाबरलेल्या पोराने लगेच पुन्हा हिशेब केला. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, १४४ भागिले १५, म्हणजे ९.६ वॉट, आणि "काका, दहा वॉटचा आणतो" म्हणत रावपुऱ्याच्या बाजाराकडे निघाला. इथे चूक व्होल्टेजची. १२ व्होल्ट अख्ख्या सर्किटचे आहेत, रेझिस्टरच्या दोन टोकांत फक्त ६ आहेत. ३६ भागिले १५, तेच २.४ वॉट. खरा उपाय वेगळाच होता: प्रत्येक ओळीला स्वतंत्र रेझिस्टर. ६ भागिले ०.०२, म्हणजे ३०० ओहम. बाजारात ३३० सहज मिळतो, करंट १८ मिलिअँपिअर होतो, प्रत्येकावर ०.११ वॉट. पाव वॉटचा आरामात पुरतो आणि ओळींमध्ये करंटही सारखा वाटला जातो. मी नेहमी आधी चित्र काढतो, ज्या वस्तूचा हिशेब आहे तिच्या दोन टोकांवर दोन टिंबं देतो आणि त्या टिंबांमधलंच व्होल्टेज घेतो. रेझिस्टर आलेल्या वॉटच्या किमान दुप्पट क्षमतेचा.

गीझरचंही असंच. २३० व्होल्टला २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. व्होल्टेज २०० वर आलं की मुलं २००० भागिले २०० करून १० अँपिअर सांगतात. गीझरमध्ये कायम असतो तो रोध, सुमारे २६.५ ओहम; वॉट नाहीत. म्हणून करंट उतरतो ७.६ अँपिअरवर आणि वॉट राहतात साधारण १५००. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे.

फिलामेंटचा १०० वॉटचा बल्ब मल्टिमीटरवर सुमारे ४० ओहम दाखवतो आणि हिशेबाने (२३० चा वर्ग भागिले १००) येतात ५२९. दोन्ही बरोबर आहेत. तार थंड असताना रोध फार कमी असतो.

पंख्याचं व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे व्होल्ट-अँपिअर. वॉट हवे असतील तर त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरे वॉट आहेत ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणा.

चालू सर्किटमध्ये मीटरची ओहमची रेंज लावू नका. पुरवठा बंद करा, वस्तूचं एक टोक सोडवा, मग मोजा.

आणि करंट मोजून झाला की मीटरची लाल वायर त्याच क्षणी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेली वायर घेऊन पुढचा माणूस २३० व्होल्ट मोजायला गेला, तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो, आणि स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटला बरेचदा फ्यूजही नसतो.