‘सायकियाट्री ओपिनियन’ लिहिण्याआधी

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होते. ओपीडी तुडुंब. पंचविशीतली एक ट्रान्स स्त्री समोर बसली. “मॅडम, हार्मोन्स नीट डॉक्टरकडून सुरू करायचेत.” मी केसपेपरवर ‘सायकियाट्री ओपिनियन’, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या, असं लिहून पुढचा नंबर पुकारला. जबाबदारीने वागले, असंच मला वाटलं. सायकियाट्रीने ‘हरकत नाही, एंडोक्रायनॉलॉजीला (हार्मोन्सच्या विभागाला) दाखवा’ लिहिलं. तो विभाग आमच्याकडे नव्हताच. ती परत आली, तेव्हा आमच्याच युनिटने तिला दुसऱ्या शहराची चिठ्ठी दिली.

चार महिन्यांनी ती माझ्या कॅज्युअल्टी ड्यूटीला आली. डावी पोटरी सुजून टणक, गरम. बोट दाबलं की खड्डा पडत होता. पर्समधून तिने माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं काढली. रोज चार गोळ्या, मैत्रिणीने सांगितल्या म्हणून. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

इथेच मी फसले, म्हणून तुम्हा नव्या डॉक्टरांना जरा सविस्तर सांगते. आपण टोलवलं म्हणून पेशंट हार्मोन्स घ्यायचे थांबत नाही. तो मेडिकलवाल्याकडे जातो आणि त्याच्यावर कुणाचंच लक्ष राहत नाही. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायोल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं, आणि गुठळीचा धोका त्यानेच जास्त वाढतो. म्हणून उपचारात साधं एस्ट्राडायोल देतात. त्याआधी काय बघायचं? सिगारेट, बीपी, पूर्वीची गुठळी, लिव्हर. पुरुषी हार्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन देणार असाल तर रक्तातलं पोटॅशियम. पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर वीर्य आधी जतन करून ठेवण्याबद्दल बोलायचं. यातलं काय तुम्हाला येत नाही? सगळं येतं.

सायकियाट्रीचं मत घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण नेमकं काय विचारायचंय ते लिहा, स्वतः फोन करा आणि पेशंटला परत यायची तारीख द्या.

एक मात्र खडसावून सांगते: कुणालाही ‘बदलायला’ पाठवू नका. अशी ‘बदलायची’ कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) २०२२ मध्येच कळवलंय. आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन्स आणि शस्त्रक्रियेची सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हटलीय. आणि तापासाठी आलेल्या ट्रान्स बाईला कपडे काढायला लावू नका.

‘आमच्या वेळी असले पेशंट नव्हते’ म्हणणाऱ्या सरांच्या नादी लागू नका. पेशंट तेव्हाही होते, आपल्या दारात यायची त्यांना भीती वाटायची. रविवारच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवरही माझा विश्वास नाही. जिथे हे काम रोज चालतं तिथे चार दिवस मागे खुर्ची टाकून बसा.

ती अजून फॉलो-अपला येते. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही वर बघितलंच नव्हतं, मॅडम.”

सुरुवातीला हात थरथरतील, त्यात काही वावगं नाही. डोसची खात्री नसली की मी अजूनही एंडोक्रायनॉलॉजीच्या मॅडमना फोन लावते, पेशंटच्या समोरच.