एनसीपीएचा सीझन पहिल्यांदा ऐकायला जाताय?

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद २००६ पासून मुंबईत नरिमन पॉइंटला, एनसीपीए या कलाकेंद्रात वाजवतोय, सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतो, तर प्रोग्राम लागला की आधी पूर्ण महिन्याचा बघून घ्या आणि त्यातलं एकच निवडा, सगळं ऐकायला जाऊ नका. ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक, असेल तर गोष्ट घरूनच वाचून जा, म्हणजे मग नुसतं गाणं ऐकता येतं. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते, पण थोडं लवकर निघा. आणि टाळ्या! आपल्याला समेवर वा म्हणायची सवय, पण सिम्फनीचे, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचे, बहुतेक वेळा चार भाग असतात, मधल्या शांततेत थांबायचं, समोर उभं राहून ऑर्केस्ट्राला हातांनी दिशा देणाऱ्या कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि तो वळला की मगच वाजवा, अगदी मनापासून.