डच पेपर नक्की कुणाचा, हे कसं शोधायचं

नेदरलँड्समध्ये राहायला आलात आणि डच सुधारायला रोज एक पेपर वाचायचं ठरवलंत तर आधी तो पेपर कुणाचा आहे ते बघा मगच वाचा, कारण स्टँडवर नावं भरपूर दिसतात पण त्यातल्या बहुतेकांच्या मागे मालक दोनच.

सुरुवात कोलोफोनपासून करा. आपल्या पेपरात खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक छापलेलं असतं ना, तेच हे. वेबसाइटवर एकदम तळाशी 'कोलोफोन' नावाची लिंक सापडते. तिथे 'डीपीजी मीडिया' दिसलं तर तो फोल्क्सक्रांत, ट्राउ, पारोल, एडी यांच्या घरातला, आणि 'मीडियाहाउस' दिसलं तर टेलिग्राफ आणि एनआरसीच्या घरातला. दोन्ही कंपन्या मूळच्या बेल्जियमच्या. गावोगावचे प्रादेशिक पेपरही बहुतेक याच दोघांकडे आहेत, म्हणजे ब्राबांत, खेल्डरलांडकडचे डीपीजीकडे आणि लिम्बर्ख, फ्रीसलांडकडचे मीडियाहाउसकडे. बाहेर राहिलेले थोडेच, जसं फायनान्शियल दागब्लाड, किंवा कट्टर प्रोटेस्टंट वाचकांचं रिफॉर्मेटोरिश दागब्लाड.

आता एक गडबड होते तिच्याकडे लक्ष द्या. नेटवर जुना लेख सापडला आणि त्यात 'पीसीएम' हे मालक म्हणून लिहिलेलं असलं तर आधी तारीख बघा. फोल्क्सक्रांत, एनआरसी, ट्राउ, एडी हे सगळे एकेकाळी त्या एकाच छपराखाली होते, मग 2004 मध्ये अपॅक्स ही इन्व्हेस्टमेंट कंपनी आत आली, 2007 ला निघून गेली आणि मागे कर्जाचा बोजा राहिला. पत्रकारांनी वर्षानुवर्षं उभ्या केलेल्या पेपरांची अशी फरफट झाली याचं मला अजून वाईट वाटतं. 2009 मध्ये बेल्जियमच्या पर्सखुपने पीसीएमवर ताबा घेतला, एनआरसी वेगळा विकला गेला आणि 2015 ला मीडियाहाउसकडे पोचला, टेलिग्राफ 2017 ला. आजचं डीपीजी म्हणजे तेच पर्सखुप, नाव 2019 ला बदललं.

मालक कळला की पेपर जन्माला कसा आला ते शोधा, खरी मजा तिथे आहे. फोल्क्सक्रांत 1919 चा, कॅथलिक कामगारांसाठी निघालेला, 1965 मध्ये त्याने नावाखालचा 'कॅथलिक' शब्द काढून टाकला. एनआरसी म्हणजे 1970 मध्ये एकत्र आलेले दोन जुने पेपर, अॅमस्टरडॅमचा 1828 चा हांडल्सब्लाड आणि रॉटरडॅमचा 1844 चा. पण पारोल आणि ट्राउची गोष्ट सगळ्यात आधी वाचा. जर्मन कब्जा असताना पारोल 1941 मध्ये आणि ट्राउ 1943 मध्ये चोरून छापायला सुरुवात झाली, हे अंक लपवून घरोघरी पोचवायचे आणि पकडलं गेलं की थेट जिवावर बेतायचं. ट्राउसाठी काम करणारे शंभराहून जास्त लोक मारले गेले. उलट टेलिग्राफ कब्जाच्या काळातही चालूच राहिला, म्हणून युद्धानंतर त्याच्यावर बंदी आली ती 1949 पर्यंत. आज अॅमस्टरडॅममधल्या म्हाताऱ्या माणसाने टेलिग्राफ घरात येऊ द्यायचा नाही असं म्हटलं तर त्यामागे हेही असू शकतं.

मालक एक म्हणून मत एक, असं मात्र धरून चालू नका. डच पेपरांत 'रेडाक्टीस्टाटूट' नावाचा करार असतो, संपादकीय मजकुरात मालकाने हात घालायचा नाही हे त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे एकच मोठी बातमी ट्राउमध्ये आणि एडीमध्ये शेजारी ठेवून वाचा, मालक एक असूनही सूर किती वेगळा लागतो ते आपोआप कळतं.

जुने अंक बघायला 'डेल्फर' ही साइट उघडा, तिथल्या नॅशनल लायब्ररीची आहे आणि फुकट आहे, 1618 पासूनचे पेपर आणि युद्धातले चोरून छापलेले अंकसुद्धा स्कॅन करून ठेवलेत. शोधताना आजचं स्पेलिंग चालत नाही, जुनं टाकावं लागतं. आपल्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, पडकी इमारत अजून आहे, तर तिच्याबद्दल शोधायचं असेल तर व्ही टाकून बसू नका, डच लोक ते नाव डबल्यूने 'विंगुर्ला' असं लिहायचे.