वर्ड विकत घेण्याआधी रायटर वापरून पाहा

अर्ज, सोसायटीची नोटीस, मुलांचे निबंध, लग्नाची निमंत्रण यादी. घरच्या संगणकावर याहून वेगळं काही टाइप होत नसेल, तर मायक्रोसॉफ्ट वर्डसाठी दरवर्षी वर्गणी भरायची गरज नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या जुन्या सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं लिबरऑफिस हे ऑफिसच्या कामांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं 'रायटर' ही सगळी कामं करतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं.

मात्र पहिल्याच दिवशी एक बदल करा. रायटर फाइल ओडीटी या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करतं आणि समोरचा माणूस 'उघडत नाहीये' म्हणून फोन करतो. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन वर्डचा डॉक्स (.docx) प्रकार कायमचा निवडून टाका.

खरी गंमत मराठी मजकुराची. वर्डमध्ये मंगल फॉन्टात नीट बसलेलं पान लिनक्सवरच्या रायटरमध्ये उघडलं की ओळी सरकतात, कारण मंगल तिथे नसतोच. दोन्हीकडे नोटो सान्स देवनागरी हा मोफत फॉन्ट टाकला की बराचसा त्रास मिटतो. फक्त छापायचं असेल तर सरळ पीडीएफ पाठवा.

प्रबंध लिहिताय आणि मार्गदर्शक वर्डमध्येच दुरुस्त्या सुचवतात? मग हट्ट नको, तुम्हीही वर्डच घ्या. दोन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करून तक्ते आणि तळटिपा विस्कटू शकतात. किरकोळ कामापुरतं ब्राउझरमधलं वर्ड फुकट मिळतंच, मायक्रोसॉफ्टचं साधं खातं उघडलं की झालं.